क्रॉपरसाहेबांची टोपी

हॅदर्सबी टाउन या फुटबॉल क्लबाकडून मी नऊ वर्षं डावा बॅक म्हणून खेळलो. तिसऱ्या विभागात, म्हणजे ज्याच्या खाली फक्त चिखल उरतो तिथे. माझं नाव विल्फ हॅडफील्ड. गावाला ते पाठ होतं, पण ते आमच्या गोलकीपरच्या शिव्यांमुळे. शेवटच्या सामन्यापर्यंत गोल एकच, तोही आपल्याच जाळीत. तो मात्र फार सुरेख होता.

वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरायला लागला. खाणीत परत जायची मला लाज नव्हती. बाप अजून तिथेच खपत होता. काळजी होती घराची. घर क्लबाचं. खेळाडू ठेवला तर घर राहणार, सोडला तर सामान रस्त्यावर. त्याआधी मी आणि माझी बायको एडना, आम्ही तिच्या आईच्या माडीवरच्या खोलीत राहत होतो, आणि सासूबाईंना माझ्या खेळाबद्दल बरंच काही म्हणायचं असे. एडनाला पुन्हा तिथे न्यायचं नाही, एवढाच माझा हट्ट होता.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात सुरुवातीलाच गुडघ्याने राम म्हटला. आमचा ट्रेनर आर्थर टेटलो गार पाण्याचा स्पंज घेऊन धावत आला. मोडलेलं नाक असो की उखडलेला खांदा, त्याचं औषध तेच. तेव्हा बदली खेळाडू नसत. लंगडा झालेल्याला डाव्या कडेला उभं करायचे, निदान डोकी अकरा भरावीत म्हणून.

"तिकडे उभा राहा," आर्थर म्हणाला. "आणि पायात येऊ नकोस कुणाच्या. म्हणजे आपल्यातल्या."

लंगड्याकडे समोरचेही बघत नाहीत. शेवटी शेवटी चेंडू माझ्यावर आला, मी तो चुकवायला वळलो, आणि तो माझ्या नडगीवर आपटून जाळीत गेला. आम्ही जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं ते बरं झालं, कारण चालवत नव्हतंच.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला की मॅनेजर क्रॉपरसाहेब चहाला येताहेत. दर मे महिन्यात ज्याच्याबद्दल शंका असेल त्याच्याकडे ते चहाला जात. गावात त्यांचा चहा म्हटला की लोकांच्या घशाला कोरड पडायची. युद्ध संपलं तरी साखर अजून रेशनवर होती. एडनाने होती नव्हती ती सगळी केकमध्ये घातली.

"तू खुर्चीतून उठायचं नाहीस," ती म्हणाली. "छप्पर कोसळलं तरी."

"आणि लघवीला लागली तर?"

"तर छप्पर कोसळायची वाट बघ."

साहेबांनी केकचे दोन तुकडे खाल्ले. "झकास गोल, विल्फ."

"मनात होताच, साहेब."

"नऊ वर्षं मनातच ठेवलास म्हणायचा." ते हसले, मीही हसलो. एडना हसली नाही. मग ते म्हणाले, "बरं, निघतो. विल्फ, माझी टोपी दे रे."

टोपी दाराजवळच्या खुंटीवर होती. एडना ताडकन उठली.

"तू बस, पोरी. तो देईल."

मी उठलो. ओठ चावला आणि चाललो. एवढा सरळ मी मैदानात कधी पळालो नव्हतो. गुडघ्यात कुणीतरी सुरी फिरवत होतं, आणि मी चेहऱ्यावर रविवारच्या चर्चमधलं हसू धरून टोपी त्यांच्या हातात दिली.

ते ती फिरवत राहिले. "छान चाललास. चौतीस साली मीही अशीच आणून दिली होती. माझ्या मॅनेजरची छत्रीपण आणली होती."

"मग?"

"मग काय, त्याने ओळखलं. पाय धड असलेला माणूस असा ताठ नाही चालत, विल्फ. तो बसल्या जागेवरून म्हणतो, तुमची टोपी तुम्हीच घ्या." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "जूनअखेर घर क्लबाला परत लागेल रे. काल बोर्डासमोर तुझ्यासाठी भांडलो मी. पण तुझ्या पायाबद्दल सांगण्यासारखं काही तरी हवं ना."

एडनाने उरलेला केक कागदात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. ते घ्यायला लाजत होते. तिने घ्यायला लावला.

दाराबाहेर पायरी उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा त्याच्या शेजारी आणला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलं ते रडू. मी दार लावायला गेलो, लंगडत. आता लपवायचं कुणापासून?