करंजाचा पिंजरा

आमच्या रस्त्याच्या कडेला नगरपालिकेनं लावलेला एक करंज आहे. गुरांनी खाऊ नये म्हणून रोपाभोवती लोखंडी पिंजरा बसवला होता. पुढे झाड वाढलं, एका अंगाला कललं आणि पिंजऱ्याच्या सळया त्याच्या सालीत रुतू लागल्या. येता-जाता ते दिसायचं. गावाला आपल्या झाडांची आठवण उशिरा येते, पण येते.

काल सकाळी मी दूध घेऊन परतत होतो. उद्यान विभागाच्या दोन बायकांनी पिंजरा कापून बाजूला ठेवला होता आणि झाडाच्या आधाराला त्या बांबू रोवत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काका, आम्ही बांधेपर्यंत जरा खोड सरळ धरता का?"

मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी खोड धरलं. साल गार होती. सळयांच्या वळांवरून हात अलगद सरकवला. आमची ही गेल्यापासून 'जरा हे धरा' असं मला कुणी म्हटलेलं नाही. मुलगी रोज फोनवर विचारते, जेवलात का. मी हो म्हणतो. एवढ्यावर दिवस संपतो. इथे मात्र झाडाचा सगळा भार तळव्यांवर आला होता, आणि तो बरा वाटत होता.

सुतळीची गाठ बसली. "सोडा आता काका," ती म्हणाली, "राहील ते उभं."

मी मान हलवली, पण हात लगेच काढले नाहीत.