मूर्तिजापूरचा पी.पी. नंबर

ती घटना आठवली की आजही आधी माझा बॅचमेट डोळ्यांसमोर येतो आणि पोटात तसंच जळतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी.

आम्ही दोघं अमरावतीचे, पोलीस ट्रेनिंगला एकाच खोलीत. तो दहशतवादविरोधी शाखेत गेला, परदेशात कोर्स करून आला. मी मूर्तिजापूरला. त्या वर्षांत तालुक्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या. पंचनामा, व्हिसेरा, नातेवाइकांचे जबाब, यातच माझा दिवस जाई. आणि हा पठ्ठ्या परदेशी साहेबांबरोबर चहा पीत बसे!

एका गुरुवारी तो जीप घेऊन माझ्या ठाण्यात आला. आखातातल्या एका मित्रदेशाने दिल्लीमार्फत एक नंबर कळवला होता. तिथला एक संशयित ज्या खोलीत राहायचा, तिथून या नंबरवर सारखे फोन येत होते. नंबर आमच्याच हद्दीतल्या एका गादीवाल्या चाचांचा. बोलणं काय झालं, हे मात्र मित्रदेश सांगायला तयार नव्हता.

चाचांना आणलं. अंगावर कापूस तसाच चिकटलेला. माझ्या दोस्ताने दोन तास प्रश्न विचारले.

"माहा पोरगा हाय तिकडे, एसी दुरुस्तीले," चाचा म्हणत. "तो रविवारीच फोन करते. बाकीचे फोन गल्लीचे, साहेब. पोराले यात ओढू नका, त्याच्यावरच घर हाय."

पोरगाही त्याच देशात म्हटल्यावर दोस्ताचा संशय पक्का झाला. मी म्हटलं, गल्लीत एकदा विचारून पाहू. तो शिपायांसमोर हसला.

"तू गल्ली सांभाळ रे. देशाचं आम्ही बघतो."

संध्याकाळी मी एकटाच गेलो. चाचांच्या समोरच राहणारी बाई म्हणाली, "ते फोन तं माह्या पोराचे, साहेब! चाचा आवाज देतेत, अन् मी पयत जातो." तिने पोराने धाडलेलं पाकीट दाखवलं. पत्त्याखाली चाचांचा नंबर, पुढे पी.पी. तेव्हा ज्याच्या घरी फोन नसे तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. लिहायचा, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक होतं. पाकिटामागच्या पत्त्यावरून कळलं, तिचा पोरगा त्या संशयिताच्याच खोलीत राहत होता. आठ मजूर, फोन एकच.

प्रकरण तिथेच सुटलं होतं. दोस्ताला सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी सांगितलं नाही. सोमवारी त्या देशाचे अधिकारी अकोल्याच्या रेस्ट हाऊसवर येणार होते. त्यांच्यासमोर पाकीट ठेवायचं आणि याचं तोंड बघायचं, एवढंच डोक्यात होतं. चार दिवस पाकीट माझ्या कपाटात राहिलं. चाचा रोज सकाळी चौकशीसाठी ठाण्यातल्या बाकावर येऊन बसायचे.

सोमवारी परदेशी अधिकाऱ्याने पाकीट पाहिलं, सगळं ऐकलं आणि माझा हात हातात घेतला. दोस्ताचं तोंड उतरलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! मग बाहेर व्हरांड्यात तो म्हणाला, "अरे, मी शुक्रवारीच चाचा आणि त्यांच्या पोरावर संशय असल्याचा अहवाल दिल्लीमार्फत यांना पाठवला. आधी का नाही बोललास?"



चाचा सुटले. त्यांच्या पोराला मात्र तिकडे शनिवारीच उचललं होतं. महिन्याभराने परत धाडला, पुन्हा प्रवेश नाही असा शिक्का मारून. आम्ही खुलाशाची तीन पत्रं पाठवली. मित्रदेशाने पोच दिली, प्रवेशबंदीची यादी बदलली नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून नाव काढायचं म्हणजे आपली चूक कबूल करायची. ते कोणता देश करतो?

मैत्रीचे करार करूनही देश एकमेकांपासून माहिती का राखून ठेवतात, यावर हल्ली टीव्हीवर मोठमोठी माणसं बोलतात. कोणी म्हणतं सुरक्षा, कोणी म्हणतं धोरण. असेलही. पण त्यात काही जण माझ्यासारखे जळकेही असतील, हे मी खात्रीने सांगतो.

पोरगा परत आल्यावर चाचा त्याला घेऊन ठाण्यात आले. "याच साहेबानं मले सोडवलं," ते पोराला म्हणाले. "सलाम कर त्यायले."

पोराने केला. आणि मी तो घेतला.