पूजा झालेली सायकल आणि नातीचे गुडघे

खंडेनवमीच्या दिवशी मी जावयाचा अपमान केला, अशी एक कथा सध्या साताऱ्यापासून तासगावपर्यंत हिंडते आहे. साताऱ्यात सांगताना मी पूजेतल्या सायकलीला लाथ मारतो. आमच्या गावात सांगताना नारळ उचलून फेकतो. आमच्या सौभाग्यवती सांगतात तेव्हा यांपैकी काहीच करत नाही, पण सांगलीच्या दुकानात असा ओरडतो की शेजारच्या हॉटेलातली माणसे चहा टाकून बाहेर येतात. हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या दिवशी मुलीच्या गुडघ्यांकडे पाहिले नव्हते. मी पाहिले होते. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

मुलगी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. आमच्या गावातली शाळा सातवीला संपते, म्हणून जूनपासून ती तासगावच्या हायस्कुलात जाऊ लागली. तिथे तिला व्हॉलीबॉलच्या संघात घेतले. सराव शाळा सुटल्यावर, आणि गावाकडे येणारी एसटी शाळा सुटताच निघणारी. त्यानंतरची गाडी पार अंधारात. तेव्हा हिशेब सरळ होता : सायकल असेल तर खेळ, नसेल तर एसटी आणि घर. वाटेत एक दमवणारा चढ आहे, आणि द्राक्षबागांच्या बाजूचा रस्ता ट्रॅक्टरांनी उखडलेला, म्हणून जाड टायरांची, डोंगरी धाटणीची सायकल घ्यावी हेही सर्वांना मान्य होते. एवढ्या एकाच मुद्द्यावर आमचे घर एकमताचे होते, याची नोंद मी आनंदाने करतो.

नात उंच आहे. आईच्या डोक्यावरून तिला पलीकडचे दिसते, आणि बापाच्या कानापर्यंत ती पोचलेली आहे. आमच्या मुलखात घराघरांत फौजी. मुलगा असा वाढू लागला की बाप त्याला दर महिन्याला चौकटीला उभा करून पेन्सिलीची रेघ मारतो आणि भरतीची स्वप्ने बघतो. तीच उंची मुलीला आली की बायका तोंडाला पदर लावतात. आमची शेजारीण तर ओट्यावरून रोज विचारायची, “आगं, हिला नवरा कुठनं आणायचा? शिडी लावून माळ घालंल का काय?” परिणाम असा की पोरगी खांदे पाडून, मान खाली घालून चालू लागली. मी फौजेत सुभेदार होतो. पाठ वाकवून चालणारा माणूस मला बघवत नाही, आणि ही तर माझी नात.

खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे-खुरपी, सगळ्यांची पूजा होते. त्या सकाळी साताऱ्याहून जावई आले. जीपच्या टपावर भाचीला भेट आणलेली सायकल. लाल-काळी, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, अंगभर चकाकणाऱ्या पट्ट्या. दिसायला राजबिंडी, आणि उतरवायला दोन माणसे लागावीत इतकी जड. ती थेट ट्रॅक्टरशेजारी उभी केली गेली. मुलगी तेव्हा आत आंघोळ करत होती. ती बाहेर येण्याची वाट पाहावी, असे कोणालाही वाटले नाही. हँडलला झेंडूची माळ पडली, दांड्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघाले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला. मी म्हणालो, “आदी पोरीला बसवून बघा.” सौभाग्यवती म्हणाल्या, “आवं, मुहूर्त टळंल. बसंल की मागनं.”

मागून ती बसली. पायडल वर आले की गुडघा छातीकडे जायचा, आणि हँडल वळवले की त्याच्यावर आपटायचा. अंगणात एक फेरी मारून ती थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते.

“कशी हाय?” जावयांनी विचारले.

“बरी हाय,” ती म्हणाली. मान खाली.

“बघा! दोन्ही पाय सपाट टेकत्यात जमिनीला. पडायची भीतीच न्हाई.”

आमच्याकडे सायकल निवडण्याचा हा एकमेव शास्त्रार्थ. पाय टेकले पाहिजेत. जणू सायकल ही उभी राहण्याची वस्तू आहे! सीटवर बसून ज्याचे दोन्ही तळवे जमिनीवर पसरतात, त्याचा पाय पायडल मारताना कधीच सरळ होत नाही. सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि चढावर तो गुडघा बोलू लागतो. हे मी शांतपणे सांगितले. शांतपणे, या शब्दाला कथाकारांनी हरकत घेतलेली आहे. घ्यावी.

माझ्या मुलाने उपाय काढला : सीट वर घ्या. त्याने पान्हा आणून सीटचा दांडा इतका उपसला की त्यावरची खूण बाहेर आली. या खुणेच्या वर दांडा ओढू नये, नाहीतर तो आत धरायला पुरत नाही आणि एखाद्या खड्ड्यात मोडतो, यासाठीच कारखान्याने ती रेघ आखलेली असते. मुलगा म्हणाला, “आबा, ती नुसती डिझाईन हाय.” तेव्हा मात्र मी दांडा पुन्हा खाली ढकलला. सायकलीला माझा हात लागला तो तेवढाच. लाथेची कथा बहुधा इथून निघाली असावी.

मग मी जावयांना विचारले, “दुकानात हे माप कुणाचं घेतलंत?”

ते म्हणाले, “आमच्या भनीच्या बाळ्याला बसवून बघितलं की. दोघं एकाच वयाची, एकाच इयत्तेत.”

आपला भाचा आणि आपली भाची यांच्या उंचीत एका हाताचे अंतर आहे, हे ज्या गृहस्थाच्या ध्यानात आले नाही त्याचा अपमान करण्याची मला गरजच काय होती? मी एवढेच म्हणालो की सायकल उत्तम आहे, ती ज्याच्या मापाने घेतली त्याला द्यावी. यावर घर हादरले. पूजा झालेली वस्तू परत? नारळ फुटलेली? आणि तीही जावयाची? सौभाग्यवती म्हणाल्या, “लेकीनं तिथं काय तोंड दाखवायचं?” मी म्हणालो, “पूजा सायकलीची झाली, पोरीच्या गुडघ्यांची न्हाई. कुंकू साताऱ्याला गेलं म्हणून पुसलं जात न्हाई.” जावई चहा अर्धा टाकून उठले. पण जाताना सायकल जीपवर चढवायला विसरले नाहीत, हे साताऱ्याच्या कथेत येत नाही.

त्या संध्याकाळी घरात माझ्याशी कोणी बोलेना. नात मात्र माझ्यापाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “आबा, मी एसटीनं येत जाईन. खेळ नको मला. उगं भांडण नको.” हे ऐकले तेव्हा मला जे वाटले ते लिहिणार नाही. भांडण मी घातले असेल तर ते याच वाक्याशी होते.

सांगलीला जाण्याआधी माप घेतले. भिंतीला टाच लावून मुलीने उभे राहायचे, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. सायकलीला माणसाच्या उंचीपेक्षा हे पायाचे माप महत्त्वाचे. सौभाग्यवतींनी ते अबोला न सोडता घेतले, आणि आकडा मला न सांगता भिंतीला सांगितला.

दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, “किती इंची पायजे?” सगळा जिल्हा सायकल इंचांत विचारतो. पण ते इंच चाकाचे. चाक घोड्याएवढे आणि फ्रेम शेळीएवढी असली तरी इंच तेच राहतात. फ्रेमचे माप सीटखालच्या नळीवर वेगळे लिहिलेले असते. ते वाचायला कमरेत वाकावे लागते, म्हणून कोणी वाचत नाही. मी वाकलो. दुकानदाराने बास्केटवाली गुलाबी सायकल पुढे केली. “आवं आजोबा, मुलींना हीच चालती.”

“मुलीचे पाय गुलाबी न्हाईत,” मी म्हणालो. “लांब हायेत.”

हाच तो माझा आरडाओरडा. फौजेत माझा आवाज परेड मैदानाच्या टोकाला पोचावा लागे, त्यानंतर मला दुसरा आवाज मिळालेला नाही.

मागच्या शॉकअपच्या सगळ्या सायकली मी बाजूला काढायला लावल्या. आमच्या ऐपतीतल्या सायकलीला ते स्प्रिंग म्हणजे नुसते ओझे. चढावर पायातली निम्मी ताकद तेच खाते. डिस्क ब्रेकही नको म्हणालो. साधे रबरी ब्रेक चांगले, ते गावात कोणालाही बसवता येतात. उरली एक राखाडी, मोठ्या फ्रेमची, मागे थोडे गिअर, अंगावर एकही पट्टी नाही. किंमत त्या राजबिंडीपेक्षा कमी. दुकानदार कुरकुरला, “जेन्ट्स हाय ती.” नात दांडा दोन पायांत घेऊन उभी राहिली. मध्ये चार बोटे जागा उरली. सीटवर बसून तिने टाच खालच्या पायडलवर ठेवली.

“आबा,” ती म्हणाली, “पाय सरळ होतोय.”

ती दुकानासमोरच्या गल्लीत गेली. परत येताना तिची पाठ ताठ होती. या सायकलीवर वाकायला तिला कारणच नव्हते.

नातवाची हौस मी नातीवर भागवली, मुद्दाम पुरुषांची सायकल घेतली, असेही आता म्हटले जाते. ज्यांना सायकलीला दाढी-मिशा दिसतात त्यांना उत्तर देण्याइतका मी रिकामा नाही. ती सरावाला जाते, सायकलीवरून न उतरता चढ चढते, दिवेलागणीच्या आत घरी येते.

परवा ती परत येत असताना शेजारणीने ओट्यावरून हाक मारली, “आगं ए उंटीण! एवढ्या उंचावर बसून दिसतंय तरी काय तुला?”

नातीने ब्रेक लावला नाही. जाता जाता म्हणाली, “आवं आजी, तुमचं म्हातारं बागंत झोपलंय, त्ये दिसतंय. फवारणी राहिली व्हय?”

शेजारीण तडक आमच्या दारात तक्रार घेऊन आली. हे उत्तर पोरीला मीच पढवले, असा तिचा आरोप आहे, आणि घरातल्या मंडळींनी तो ताबडतोब मान्यही केला. तो साफ खोटा आहे. मला इतके चांगले सुचले नसते.