हेड गॅस्केट आणि अण्णाचा हात

काही वाईट बातम्यांना गोड वास असतो. दसऱ्यानंतरच्या त्या कोवळ्या सकाळी, मस्तगडातल्या आमच्या घरामागच्या गॅरेजात, अण्णाच्या मोटारसायकलीच्या सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर निघत होता आणि त्याला जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा, पाकासारखा गोडवा होता. थंडीतली वाफ इंजिन तापलं की विरते. हा धूर मात्र इंजिन चांगलं तापल्यावरही सरेना. इंजिनाला गार ठेवणारं कूलंट कुठेतरी आगीत सांडत होतं. अण्णा, माझा थोरला भाऊ, उकिडवा बसून धूर हुंगत होता आणि मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

तो हात गेले काही महिने कापत होता. चहा घेताना कपबशी किणकिणायची आणि अण्णा हात चटकन खिशात घालायचा. विचारलं तर "रात्री झोप न्हाई झाली बराबर" म्हणून उडवून लावायचा. दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. ज्या हाताने आयुष्यभर गावाची इंजिनं जुळवली, तो हात आता चुकतो आहे हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? वहिनीने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. माया करणारी माणसं अशी गप्प बसूनच आपल्या माणसाचं किती नुकसान करतात!

ही गाडी त्याच्या हौसेची. एका छोट्या डिझेल मोटारीचा टर्बो त्याने भंगारातून शोधून आणला आणि मोठ्या खटपटीने या एका सिलिंडरच्या मोटारसायकलीला जोडला. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच निःश्वासावर फिरणारा आणि त्याला जास्तीची हवा कोंबणारा पंखा. वहिनी म्हणायची, "घरचा कुकर शिट्टी देईना, अन् हे गाडीला फुप्फुसं बसवून राह्यले." पण जास्तीचा श्वास जास्तीचा दाबही घेऊन येतो. तो पेलायचा कुणी? सिलिंडर आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये दबून बसलेल्या तांब्याच्या एका पातळ पत्र्याने. तेच हेड गॅस्केट. एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि मध्ये हा अबोल पत्रा. घराघरात असं एखादं माणूस असतं. ते टिकून आहे तोवर त्याची कुणाला आठवणही होत नाही.

दोष दोन ठिकाणी असू शकत होता. टर्बोभोवतीही कूलंट खेळवलेलं होतं; तिथे चीर पडली तरी असाच पांढरा धूर येतो. टर्बो फुटला असेल तर दोष भंगाराचा. गॅस्केट गेलं असेल तर मात्र प्रश्न हेडच्या चार बोल्टांचा, आणि ते टर्बो जोडताना अण्णाने स्वतः कसले होते. मी मनातल्या मनात रेणुकाईला साकडं घातलं, की बाई, टर्बोच फुटलेला असू दे.

"शालू, मागचा ब्रेक दाबून धर," अण्णा म्हणाला. त्याने पिस्टन अगदी वर आणला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. रेडिएटरचं झाकण उघडं होतं. गॅस्केट शाबूत असेल तर आतलं कूलंटचं हिरवं पाणी निश्चल राहणार. आधी ते तसंच राहिलं. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात तळातून एक बुडबुडा वर येऊन फुटला. त्याच्यामागे दुसरा, आणि मग रांगच लागली.

"टर्बो बिलकुल चांगला हाय," अण्णा म्हणाला. "गॅस्केटच गेलं."

इंजिन निवल्यावर हेड उघडलं. दोन बोल्टांनी सुटताना जोर मागितला, दोन अगदी सहज सुटले. त्या सैल बाजूला, तांब्यावर, आगीकडून पाण्याकडे गेलेली काळी जळकी रेघ होती. अण्णाने हेडवर सरळ पट्टी ठेवून पाहिली. हेड वाकलेलं नव्हतं, म्हणजे दोष बोल्टांचाच.

मग मी वकिली सुरू केली. तांब्याचं गॅस्केट एकदा तापून निवलं की दबतं, बोल्ट पुन्हा कसावे लागतात. इंजिन अष्टमीला चालवून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा कसायचं ते खंडेनवमीला. पण त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू नि झेंडू वाहून पाटावर मांडलेली. त्यांना हात कसा लावणार? दसऱ्याला ती उचलायच्या आधीच अण्णा सीमोल्लंघन म्हणून गाडी घेऊन थेट पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेला, आणि कसायचं राहूनच गेलं.

"पूजा होती ना, अण्णा! त्याच्यानंच झालं." किती सोयीचं कारण! सण, देव, परंपरा, सगळ्यांना मी एका हाताला झाकायला उभं केलं होतं.

अण्णा त्या काळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. "पूजेनं सैल केले असते, तं चारी सारखे सैल झाले असते, शालू. हे दोनच कसे?"

टॉर्क पाना ठरलेल्या जोराला कट्ट वाजतो. पण हाताने हिसका दिला तर तो आधीच वाजतो आणि बोल्ट सैल राहतो, हे लहानपणापासून गॅरेजात वाढलेल्या मला ठाऊक होतं.

"पाना वाजला," अण्णा म्हणाला, "पण हात हिसके मारून राह्यल्ता. मला तवाच समजल्तं. मंग पूजा आली, तं बरंच वाटलं. पुन्हा कसायचं टळलं."

असं म्हणून त्याने उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच त्याला खुशाल कापू दिलं. मला रडू आवरलं नाही. दोष शोधायला विद्या लागते खरी, पण त्याहून जास्त लागते ती आपल्या माणसाबद्दलची भीती बाजूला सारायची हिंमत. ती माझ्यापाशी नव्हती. अण्णाने ती दाखवली.

नवं गॅस्केट कापून बसवलं तेव्हा त्याने टॉर्क पाना माझ्या हातात दिला. "तू कस. मी सांगतो." समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे करत मी कसले. तो प्रत्येक बोल्टाचा क्रम सांगत होता आणि त्याचा आवाज जराही कापत नव्हता.

"एकदा तापून निवलं की अजून कसायचं. तूच," तो म्हणाला. "अन् मंग मला दवाखान्यात ने. मी न्हाई म्हणलो, तरी ने."

मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. धरल्यावरही तो कापायचा थांबला नाही. मी धरून बसले.