टाकीतलं पाणी हिरवं झालं

कारखान्यात तिला सगळे टाकीवाली म्हणत. नळांना आणि कड्यांना निकेलचा मुलामा चढवायचा तो कारखाना. माल धुतलेलं पाणी मागच्या शेडमध्ये यायचं आणि कोळशाचे दाणे भरलेल्या उंच टाकीतून सावकाश झिरपायचं. निकेल दाण्यांना चिकटून राहायचं, पाणी तेवढं पुढे ओढ्यात जायचं.

"आम्ही घाण करायची आणि बाईंनी निस्तरायची, अगदी घरच्यासारखं," फोरमन म्हणायचा. तीही हसायची. नवरा गेल्यावर याच नोकरीवर तिने लेक वाढवली होती.

कोळसा धातू संपवत नाही, नुसता धरून ठेवतो, हे तिला रुजू होतानाच सांगितलं होतं. ॲसिड आलं की धरलेलं सगळं सोडूनही देतो. म्हणून ॲसिडच्या हौदाची नळी वेगळी होती.

त्या दुपारी ती जेवून आली, तर टाकीतून पडणारं पाणी हिरवट दिसलं. तिने तपासायची कागदी पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली. ॲसिड टाकीत शिरलं होतं आणि कोळशाने इतके महिने धरलेलं निकेल एकदम ओढ्याकडे निघालं होतं. ओढ्याच्या काठावर लेकीची विहीर होती, आणि घरात बाटलीने दूध पिणारी नात.

तिने टाकीतून ओढ्याकडे पाणी सोडणारा वॉल्व दोन्ही हातांनी आवळून बंद केला.

फोरमन धावत आला. "बाई, उघडा तो. वर कारखान्यात पाणी तुंबलंय, माणसं घोटाभर पाण्यात आहेत."

"माणसांना बाहेर काढा आणि काम थांबवा. मी उघडणार नाही."

"मालकांना काय सांगू?"

तिने टाकीखालची हिरव्या पाण्याची बादली त्याच्या पुढ्यात सरकवली. आत बघून त्याचा चेहरा उतरला. तो काम थांबवायला वळला.

लेक फोन उचलेना. टाकीवाली ओढ्याकडेने पळत सुटली. एका वळणावर मासे पोट वर करून तरंगत होते.

नात गाढ झोपली होती. शेजारी बाटली, रिकामी.

"दुधात पाणी कुठलं घातलंस?"

"विहिरीचं. सकाळीच भरून ठेवलेलं. आई, अशी काय बघतेस?"

सकाळचं. पण ॲसिड कधीपासून येत होतं, कुणाला ठाऊक? तिने नातीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता, तरी बोट काढवेना.

नातीचं रक्त आणि विहिरीचं पाणी तपासायला गेलं. निकाल येईपर्यंत तिने विहिरीचं पाणी कुणाला घेऊ दिलं नाही. दोन्ही चांगले आले. वॉल्व वेळेत बंद झाला म्हणून निभावलं, असं तपासनीस म्हणाले. ॲसिडची जुनी नळी गंजून फुटली होती आणि ॲसिड टाकीच्या पाण्यात मिसळत होतं.

लेक नातीला घेऊन आईकडेच राहायला आली. "आता तरी सोड ती नोकरी," ती म्हणाली.

टाकीवालीने सोडली नाही. कारखान्याने नवी नळी घातली, दुसरी टाकीही बसवली. पण सकाळी शेडचं दार उघडताना तिचा हात कडीवर अडतो. आतलं पाणी कुठल्या रंगाचं असेल, याची तिला अजून धास्ती वाटते.