तहानलेली बोगनवेल

देऊळघाटला आमच्या शेजारचे मामा तोंडाचे तिखट, आणि दारातल्या बोगनवेलीच्या बाबतीत तर पक्के कंजूष. कोणी हात धुतलेलं पाणी तिच्या बुडाशी टाकलं, की ओरडत, "तिले पाणी पाजू नोको बे! पाणी पेली का नुसती पानं काढते. तहानली, का मंग फुलते." आणि खरंच, उन्हाळ्यात त्यांचं दार गुलाबी फुलांनी झाकून जाई.

त्या वर्षी समोरच्या घरातली नवी सून विधवा झाली. कुंकू गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या. ओट्यावर तांदूळ निवडत बसे. उन्हाळा लागला तसे मामा बोगनवेलीला रोज बादलीभर पाणी घालू लागले.

मी विचारलं, "मामा, काऊन पाणी देऊन राह्यले?"

ते हळूच म्हणाले, "यंदा फुलं नोको. त्या पोरीले दिवसभर हेच दार दिसते."