मतलबी मास्तर

आमच्या गावात कुणी काही चांगलं केलं की पहिला घोर मतलबी मास्तरांना लागायचा. "ह्यात त्याचा मतलब काय असेल बरं?" असं पुटपुटत ते ओटीवर येरझाऱ्या घालत आणि उत्तर सापडलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मुंबईकर मंडळींनी शाळेला पंखे दिले, तर म्हणाले, "नाव लिहायला तीन-तीन पाती मिळाली की रे!" एसटीत एका मुलीनं उठून त्यांना जागा दिली, तर म्हणाले, "पुढच्या थांब्यावर उतरायचं असणार." ती बिचारी सावर्ड्यापासून चिपळूणपर्यंत उभी राहिली. तरी मास्तर हटले नाहीत. "उभं राहिलं की फोनला रेंज येते," म्हणाले.

मास्तर जाऊन आता वर्ष झालं. खरं नाव आम्ही कधीच विसरलो होतो, आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटत नसे. माणूस स्वार्थाशिवाय बोटसुद्धा हलवत नाही, हे त्यांचं ठाम मत. निवृत्तीनंतर ते गावातल्या कच्च्या पोरांना रोज सकाळी ओटीवर गणित शिकवत, एक पैसा न घेता. मी एकदा डिवचलं तर म्हणाले, "माझा वेळ जातो. तुझ्यासारखे ढ भेटले की करमणूकही होते." त्या ढांत मीही होतो.

त्यांचा जीव होता घरामागच्या अठरा कोवळ्या हापूस कलमांवर. विहीर मार्चलाच तळ गाठायची, म्हणून त्यांनी वरच्या बांधावर सिमेंटची टाकी बांधून घेतली होती. त्या टाकीतलं पाणी म्हणजे कलमांचा उन्हाळा. त्यातून कुणाला कळशीभर पाणी मिळत नसे. शेजारच्या भागीकाकीनं एकदा मागितलं तर मास्तरांनी तिला स्वार्थावर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि कळशी रिकामीच परत पाठवली. काकी विधवा. टाकीच्या खालच्या अंगाला तिचे काजू होते, आणि मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्या काजूंवरच चाललं होतं.

एका एप्रिलच्या शेवटी मी मुंबईहून रजेवर आलो होतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची होती. आमच्याकडे भाजावळ करतात ती सकाळी, वारा उठायच्या आत, आणि चार माणसं हिरवे टहाळे घेऊन भोवती उभी राहतात. मी शहाणा. पोटभर जेवून, एकट्यानं, भर दुपारी काडी ओढली. पालापाचोळा धडाडून पेटला, वारा सुटला आणि सुक्या गवतातून आग सरळ भागीकाकीच्या काजूंकडे धावली. मी नुसता ओरडत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

गाव टहाळे घेऊन धावलं, पण आग आवरेना. काकी कुंपणाशी उभी राहून नुसती बघत होती. तेवढ्यात बांधावर मास्तर दिसले. पहारीनं ते टाकीचा खालचा नळ ठोकत होते. नळ उखडला, पाणी उतारावरून धो धो सुटलं आणि काजूंच्या कडेचं सगळं गवत भिजवून गेलं. आग त्या ओल्या पट्ट्याशी अडली. उरलेली आम्ही झोडपून विझवली. काकीचा एक काजूही जळला नाही.

टाकी मात्र कोरडी पडली. मे महिन्यात मास्तरांची पंधरा कलमं डोळ्यांदेखत वाळली. रजा संपवून परतण्याआधी मी मान खाली घालून माफी मागायला गेलो, तेव्हा ओटीवर अर्धं गाव जमलेलं आणि मास्तर आरोपीसारखे खुर्चीत.

"धुरानं माझा दमा बळावला असता, म्हणून केलं," ते म्हणाले.

"वारा तुमच्याकडं नव्हताच, मास्तरानू," कुणीतरी म्हणालं.

"मग काकीच्या रडण्यानं माझी दुपारची झोप मोडली असती."

"तुमी दुपारचं झोपताव कदी?" काकीनंच विचारलं.

मास्तर उठून आत गेले. 

आषाढात लावणीची नुसती घाई उडाली होती. माणसाला पाठ सरळ करायला सवड नव्हती. अशा दिवसांत एका सकाळी सगळी वाडी चिखल टाकून मास्तरांच्या परसात उतरली, प्रत्येकाच्या हातात हापूसचं एकेक कलम. मीही पुन्हा रजा काढून आलो होतो. मास्तर छत्री घेऊन धावत आले. "हे काय चाललंय? कशासाठी?"

"घरात काय काम नाय वो, बसून पाय आकडलं," दत्ताराम म्हणाला. त्याचं निम्मं शेत लावायचं राहिलं होतं.

"माज्या दारात कलम ठेवायला जागा नाय," दुसरा म्हणाला. त्याच्या दारात तीन एकर मोकळं रान आहे.

"मला व्यायाम हवा होता," मी म्हणालो.

भागीकाकी खड्ड्यात माती लोटत होती. तिनं मानही वर केली नाही. "आणि मला वो, आंबा लय आवडतो." तिला आंब्यानं अंगावर पित्त उठतं, हे उभ्या गावाला ठाऊक होतं.

मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. छत्री केव्हाच मिटली होती आणि पाऊस डोक्यावरून गळत होता. मग ते इतके मोठ्यानं हसले की परसातले कावळे उडाले.

"चाळीस वर्षं शिकवलं रे मेल्यांनो," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि एकालाही धड खोटं बोलता येत नाही!"